मारिया माँटेसरी

मारिया माँटेसरी (३१ ऑगस्ट, इ.स. १८७० – ६ मे, इ.स. १९५२) या इटालियन वैद्य व शिक्षणतज्ज्ञ होत्या. तीन ते सहा वर्षे वयाच्या मुलांच्या शिक्षणाची त्यांनी घडवलेली पद्धत त्यांच्याच नावाने जगभर ओळखली जाते. या पद्धतीतील ज्या भागाने विसाव्या शतकाच्या आरंभी सर्वाधिक खळबळ उडवली, तो लेखन-वाचनाच्या शिक्षणाचा होता. रोममधील एका दरिद्री वस्तीत चार-पाच वर्षांची मुले कोणी घोकून न घेता लिहू लागली, ही वार्ता ऐकून अनेक देशांतील शिक्षक तेथे येऊ लागले. मुलाला आधी वाचायला शिकवावे की लिहायला, अक्षराचे नाव सांगावे की ध्वनी, आणि शिकवण्याची रीत परंपरेने ठरावी की मुलाच्या निरीक्षणाने, हे प्रश्न माँटेसरी यांनी ज्या प्रकारे हाताळले त्याचा परिणाम आजही बालशिक्षणावर दिसतो.

बालपण आणि वैद्यकीय शिक्षण

मारिया यांचा जन्म इटलीच्या आंकोना प्रांतातील कियाराव्हाले या गावी झाला. वडील आलेस्सांद्रो सरकारी नोकरीत होते. आई रेनिल्दे स्तोप्पानी सुशिक्षित व वाचनप्रेमी होत्या. वडिलांच्या बदल्यांमुळे कुटुंब प्रथम फ्लॉरेन्सला आणि इ.स. १८७५ मध्ये रोमला आले. त्या काळी पुढे शिकू पाहणाऱ्या इटालियन मुलींसमोर शिक्षिका होण्याचाच मार्ग असे. मारिया यांनी मात्र मुलांसाठी असलेल्या तांत्रिक शाळेत प्रवेश घेतला आणि काही काळ अभियंता होण्याचे स्वप्न पाहिले. शिक्षिका होण्याची त्यांना त्या वयात मुळीच इच्छा नव्हती.

पुढे त्यांचे मन वैद्यकाकडे वळले. रोम विद्यापीठात नैसर्गिक विज्ञानाचा अभ्यासक्रम पुरा करून त्यांनी वैद्यकशाखेत प्रवेश मिळवला. पुरुष विद्यार्थ्यांच्या उपस्थितीत स्त्रीने शवविच्छेदन करणे अशोभनीय समजले जाई; त्यामुळे वर्ग सुटल्यावर त्यांना ते काम एकटीने करावे लागे. १० जुलै १८९६ रोजी त्या पदवीधर झाल्या. इटलीतील पहिल्या स्त्री डॉक्टर असा त्यांचा उल्लेख अनेक पुस्तकांत आढळतो, परंतु तो बरोबर नाही. एर्नेस्तिना पापेर यांनी फ्लॉरेन्स येथे इ.स. १८७७ मध्येच वैद्यकीय पदवी घेतली होती. माँटेसरी यांचे कार्य या चुकीच्या बिरुदावर अवलंबून नाही. पदवीच्याच वर्षी बर्लिन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय स्त्री परिषदेत त्यांनी इटलीचे प्रतिनिधित्व केले व स्त्रियांना समान वेतन मिळावे अशी मागणी केली.

मतिमंद मुलांमधील काम

रोमच्या मनोरुग्णालयाशी संबंधित चिकित्सालयात काम करताना मतिमंद ठरवलेली मुले वेड्यांच्या सोबत कोंडून ठेवलेली त्यांनी पाहिली. या मुलांचा प्रश्न औषधाचा कमी आणि शिक्षणाचा अधिक आहे, असे त्यांचे मत होत गेले. या विषयावर पूर्वी काम केलेल्या दोन फ्रेंच वैद्यांकडे त्या वळल्या. पहिले झाँ इतार. आव्हेरोँच्या जंगलात सापडलेल्या मुलाला शिकवण्याच्या प्रयत्नामुळे ते प्रसिद्ध होते. दुसरे त्यांचे शिष्य एदुआर सेगँ. या दोघांचे ग्रंथ माँटेसरी यांनी स्वतःच्या हाताने इटालियनमध्ये उतरवून काढले. छापील पुस्तक जवळ असताना असा खटाटोप करण्याचे कारण त्यांनी असे दिले आहे की, प्रत्येक शब्दाचा अर्थ तोलून पाहण्यास सवड मिळावी.

इ.स. १९०० मध्ये रोममध्ये अशा मुलांच्या शिक्षकांसाठी एक प्रशिक्षणशाळा सुरू झाली. तिचे संचालन माँटेसरी व त्यांचे सहकारी डॉ. ज्युसेप्पे मोन्तेसानो यांच्याकडे होते. येथे त्या सकाळपासून संध्याकाळपर्यंत स्वतः मुलांना शिकवीत, आणि लेखनाविषयीचे त्यांचे मूळ विचार याच काळात तयार झाले.

सेगँ यांच्या रीतीत मुलाने प्रथम उभ्या-आडव्या रेषा काढायच्या, मग त्या जोडून अक्षरे बनवायची, असा क्रम होता. माँटेसरी यांना तो पटला नाही. मुलाला सरळ रेषा काढणे अवघड जाते. उलट वळणदार रेघ हाताला सहज येते, हे त्यांनी पाहिले होते. शिवाय अक्षराचे भूमितीय पृथक्करण हा प्रौढाच्या बुद्धीचा खेळ आहे, लिहिणाऱ्या हाताला त्याची गरज नसते. म्हणून अक्षराचे निरीक्षण करण्याऐवजी लिहिणाऱ्या माणसाचे निरीक्षण करावे, असे त्यांनी ठरवले.

या विचाराला चालना देणारा एक प्रसंग त्यांनी नोंदवला आहे. अकरा वर्षांच्या एका मतिमंद मुलीच्या हातात पुरेसा जोर होता, पण तिला साधा धावदोरा घालता येईना. माँटेसरी यांनी शिवण बाजूला ठेवली व तिला फ्रोबेल यांच्या पद्धतीतील कागदी पट्ट्यांचे विणकाम दिले. एक पट्टी वर, एक खाली, अशी ती सवय हाताला लागल्यावर पुन्हा सुई दिली, तेव्हा ती मुलगी शिवू लागली. प्रत्यक्ष काम करण्यापूर्वी त्या कामाला लागणाऱ्या हालचाली निराळ्या मार्गाने हाताला शिकवता येतात, असा निष्कर्ष त्यांनी यातून काढला. पुढे लेखनाच्या शिक्षणात त्यांनी हेच तत्त्व वापरले.

त्यांनी लाकडी अक्षरे बनवून घेतली. मुले लिहिण्याच्या दिशेने त्यांवरून बोटे फिरवीत आणि त्या अक्षराचा ध्वनी ऐकत. या शाळेतील काही मुले सर्वसाधारण मुलांसाठी असलेल्या सरकारी परीक्षेला बसली व उत्तीर्ण झाली. सर्वत्र कौतुक झाले. परंतु माँटेसरी यांना वेगळाच प्रश्न पडला. मंदबुद्धीची मुले जर धडधाकट मुलांच्या बरोबरीने उत्तीर्ण होत असतील, तर धडधाकट मुलांच्या शाळांत असे काय घडत आहे की ती इतकी मागे राहतात?

पुत्र मारियो

माँटेसरी आणि मोन्तेसानो यांच्या संबंधातून ३१ मार्च १८९८ रोजी मारियो याचा जन्म झाला. दोघांनी विवाह केला नाही. अविवाहित मातृत्व उघड झाले असते तर त्या काळच्या रोममध्ये माँटेसरी यांची कारकीर्द तेथेच संपली असती. मुलाला ग्रामीण भागात दाईकडे ठेवण्यात आले. इ.स. १९०१ मध्ये मोन्तेसानो यांनी अन्य स्त्रीशी विवाह केला, आणि त्याच सुमारास माँटेसरी यांनी प्रशिक्षणशाळा सोडली. त्यांच्या मातोश्री इ.स. १९१२ च्या अखेरीस वारल्या. त्यानंतर मारियो आईकडे राहण्यास आला. पुढील कित्येक वर्षे लोकांत त्याची ओळख भाचा म्हणून करून दिली जात असे. जगाच्या मुलांविषयी लिहिणाऱ्या या स्त्रीला स्वतःचे मूल जवळ ठेवता आले नाही, ही गोष्ट त्यांच्या चरित्रकारांना सतत खुपत आली आहे. मारियो मात्र आयुष्यभर आईचा सर्वांत निकटचा सहकारी राहिला.

बालगृह

प्रशिक्षणशाळा सोडल्यावर माँटेसरी पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. तत्त्वज्ञान, मानसशास्त्र व मानवशास्त्र यांचा अभ्यास करून त्या रोम विद्यापीठात शैक्षणिक मानवशास्त्रावर व्याख्याने देऊ लागल्या. त्या काळी शिक्षणाला शास्त्रीय करणे म्हणजे मुलांच्या डोक्याची व शरीराची मोजमापे घेणे असा समज रूढ होता, आणि माँटेसरी यांनीही ती मोजमापे घेतली. केवळ मापे घेऊन शाळा सुधारत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. निरीक्षण करायचे तर मूल मोकळे असले पाहिजे. बाकाला खिळलेले मूल म्हणजे टाचणीने टोचून ठेवलेले फुलपाखरू, अशी उपमा त्यांनी पुढे वापरली.

रोममधील सान लोरेन्झो ही वस्ती बांधकामाचा धंदा बुडाल्यामुळे अर्धवट राहिलेल्या इमारतींची होती. एका गृहसंस्थेने त्यांतील काही इमारती दुरुस्त करून मजूर कुटुंबांना भाड्याने दिल्या. आईबाप दिवसभर कामावर जात आणि मागे राहिलेली लहान मुले जिने व भिंती खराब करीत. दुरुस्तीचा हा खर्च वाचवावा म्हणून संस्थेचे संचालक एदोआर्दो तालामो यांनी मुलांना एका खोलीत सांभाळण्याची योजना आखली व ती माँटेसरी यांच्याकडे सोपवली. अशा प्रकारे ६ जानेवारी १९०७ रोजी व्हिया देई मार्सी या रस्त्यावरील ५८ क्रमांकाच्या इमारतीत पहिले बालगृह उघडले. इटालियनमध्ये त्याचे नाव कासा देई बाम्बिनी. सुमारे ५० मुले होती. शिकवणारी तरुणी प्रशिक्षित शिक्षिका नव्हती, आणि माँटेसरी यांना ते सोयीचेच वाटले. तिला जुन्या सवयी विसरायला लावण्याची गरज नव्हती.

लेखन-वाचनाचा प्रयोग

आरंभी या मुलांना लिहायला-वाचायला शिकवण्याचा माँटेसरी यांचा विचार नव्हता. सहा वर्षांपूर्वी हा विषय नको, असाच सर्वमान्य समज होता व त्यांनाही तो मान्य होता. आग्रह आला तो पालकांकडून. त्यांतील अनेक माता निरक्षर होत्या. मुले हाताने इतकी निगुतीने कामे करू लागली आहेत, तर शाळेत पुढे सोपे जावे म्हणून त्यांना अक्षरेही शिकवा, अशी विनंती त्यांनी पुन्हा पुन्हा केली.

पूर्वीसारखी लाकडी अक्षरे बनवून देणारा कारागीर मिळेना. तेव्हा माँटेसरी यांनी गुळगुळीत पुठ्ठ्यावर सँडपेपरची अक्षरे कापून चिकटवली. अडचणीतून निघालेली ही युक्ती मूळ वस्तूपेक्षा सरस ठरली. लाकडी अक्षरावरून घसरलेले बोट चुकले आहे हे मुलाला डोळ्यांनी पाहावे लागे. खरखरीत पृष्ठावरून बोट बाहेर गेले की गुळगुळीत पुठ्ठा ते तत्काळ सांगतो. चूक दाखवायला शिक्षिका लागत नाही.

लेखनाची क्रिया त्यांनी तीन भागांत विभागली. पहिला भाग लेखणी धरण्याचा व चालवण्याचा. धातूच्या भौमितिक आकृत्यांच्या कडेने रेघ काढायची आणि आतील जागा रंगीत पेन्सिलीने भरायची. यामुळे मुलाच्या हाताला शेकडो रेघांचा सराव होतो, पण एकही अक्षर गिरवावे लागत नाही. दुसरा भाग अक्षराचा आकार स्नायूंच्या स्मृतीत बसवण्याचा. मूल खरखरीत अक्षरावरून बोट फिरवते, डोळ्यांनी पाहते आणि त्याच क्षणी त्याचा ध्वनी ऐकते व उच्चारते. येथे अक्षराचे नाव सांगितले जात नाही, ध्वनी सांगितला जातो. नवीन अक्षर देताना सेगँ यांच्याकडून घेतलेला त्रिपदी पाठ असतो. प्रथम शिक्षिका ध्वनी सांगते, मग दोन-तीन अक्षरांतून सांगितलेले अक्षर मूल उचलून देते, आणि शेवटी अक्षर दाखवल्यावर मूल ध्वनी उच्चारते. दुसऱ्या पायरीवर मूल अडखळले तर त्याला चुकीचे न म्हणता पाठ त्या दिवसापुरता थांबवायचा.

तिसरा भाग शब्द रचण्याचा. त्यासाठी कप्प्यांच्या पेटीत सुटी अक्षरे असत. शिक्षिका एखादा शब्द स्पष्ट उच्चारी आणि मूल त्यातील ध्वनी वेगळे करून एकेक अक्षर चटईवर मांडी. येथे हात लिहीत नाही. ऐकलेल्या शब्दाचे ध्वनी मोकळे करण्याचे काम तेवढे चालते. रचलेला शब्द मुलाला वाचता येईलच असे नाही. शब्द आपल्याच मनातला असल्यामुळे रचणे सोपे, आणि दुसऱ्याने रचलेला शब्द ओळखणे कठीण, हे माँटेसरी यांच्या ध्यानात आले. त्यामुळे त्यांच्या पद्धतीत लेखन आधी व वाचन मागाहून येते. बहुतेक देशांतील शाळांत तेव्हा याच्या नेमका उलट क्रम चालू होता.

डिसेंबर महिन्यातील एका स्वच्छ दिवशी माँटेसरी मुलांसह इमारतीच्या गच्चीवर बसल्या होत्या. त्यांनी पाच वर्षांच्या एका मुलाच्या हाती खडू दिला व समोरचे धुरांडे काढायला सांगितले. त्याने फरशीवर धुरांडे काढले. त्याचे कौतुक झाल्यावर तो क्षणभर थांबला आणि आपल्याला लिहिता येते असे ओरडत त्याने खाली वाकून हात या अर्थाचा इटालियन शब्द लिहिला. मग धुरांडे, मग छप्पर. तोपर्यंत त्याने एकही अक्षर लिहिलेले नव्हते. त्याचा ओरडा ऐकून इतर मुले भोवती जमली, खडू मागू लागली आणि त्यांतील काहींनी तसेच लिहून दाखवले. पुढचे काही दिवस मुले जमिनीवर, भिंतींवर, दारांवर लिहीत सुटली. घरी पावाच्या कवचावरही लिहू लागली. काही मातांनी फरशी वाचवण्यासाठी मुलांना कागद-पेन्सिल आणून दिली. माँटेसरी यांनी या घटनेला लेखनाचा स्फोट म्हटले.

हा शब्द जितका प्रसिद्ध झाला तितकाच गैरसमज पसरवणारा ठरला. तो ऐकून अनेकांना वाटले की मुले शिकवल्यावाचून लिहू लागली. प्रत्यक्षात स्फोटाआधी अनेक आठवड्यांची, अतिशय काटेकोर तयारी होती. फक्त ती लेखन म्हणून ओळखू येत नव्हती. माँटेसरी यांनी दिलेल्या नोंदीनुसार पूर्वतयारीच्या आरंभापासून पहिला शब्द लिहीपर्यंत चार वर्षांच्या मुलाला सरासरी एक ते दीड महिना लागे, पाच वर्षांच्या मुलाला सुमारे एक महिना. लेखनापासून वाचनापर्यंत पोहोचण्यास साधारण १५ दिवस लागत.

वाचनासाठी त्यांनी आधी पुस्तक दिले नाही. ओळखीच्या वस्तूंची नावे लिहिलेल्या चिठ्ठ्या दिल्या. मूल प्रथम ध्वनी सावकाश उच्चारी, मग भरभर, आणि एकाएकी शब्द त्याच्या कानावर येई. यासाठी एक खेळही योजला होता, ज्यात चिठ्ठीवरील खेळण्याचे नाव वाचले की ते खेळणे खेळायला मिळे. मुलांनी चिठ्ठ्या वाचल्या, पण खेळणी घेतलीच नाहीत. त्यांना आणखी चिठ्ठ्या हव्या होत्या. नंतर वाक्ये आली. दार लाव, मैत्रिणीला बोलाव, अशा आज्ञा लिहिलेली चिठ्ठी मुलाने मनात वाचायची व तसे करून दाखवायचे. अर्थ कळला की नाही हे त्याच्या कृतीवरून कळे. मोठ्याने वाचलेला उतारा म्हणजे वाचन नव्हे, असे त्यांचे ठाम मत होते.

प्रसिद्धी आणि टीका

इ.स. १९०९ मध्ये त्यांचा बालगृहांतील शास्त्रीय शिक्षणपद्धतीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि थोड्याच वर्षांत अनेक भाषांत गेला. इंग्रजी अनुवाद इ.स. १९१२ मध्ये अमेरिकेत निघाला. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस माँटेसरी अमेरिकेला गेल्या, तेव्हा न्यूयॉर्कचे कार्नेगी हॉल श्रोत्यांनी भरून गेले. इ.स. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात काचेच्या भिंती असलेला एक वर्ग उभारला गेला. प्रेक्षक बाहेरून पाहत आणि आत मुले आपापल्या कामात गढलेली असत.

ओहोटीही तितक्याच वेगाने आली. कोलंबिया विद्यापीठातील विल्यम हर्ड किल्पॅट्रिक यांनी इ.स. १९१४ मध्ये या पद्धतीची चिकित्सा करणारे छोटे पुस्तक लिहिले. माँटेसरी यांचे मानसशास्त्र अर्धशतकाने मागे आहे, साधने ठराविक असल्याने कल्पनेला वाव नाही, असे त्यांचे आक्षेप होते. लेखन-वाचनाच्या बाबतीत अमेरिकनांची अडचण अधिक मूलभूत होती. इटालियन भाषेत बहुतांश अक्षरांचा ध्वनी ठरलेला असतो. इंग्रजीत तसे नाही. रोममधील मुलाला वीस-बावीस अक्षरे आली की जवळजवळ कोणताही शब्द लिहिता येई, तर लंडन किंवा न्यूयॉर्कच्या मुलाला तीच अक्षरे येऊनही अगदी साधे शब्द अडत. पुढे इंग्रजी माध्यमातील माँटेसरी शाळांनी नियमित शब्दांपासून अनियमित शब्दांकडे नेणाऱ्या रंगवार मालिका तयार केल्या. मूळ पद्धतीत त्या नव्हत्या.

आणखी एक आक्षेप आज अधिक महत्त्वाचा वाटतो. माँटेसरी स्वतःच्या पद्धतीला शास्त्रीय म्हणत. परंतु त्यांचा पुरावा निरीक्षणाचा होता, तुलनेचा नव्हता. एकाच वस्तीतील सारख्या मुलांचे दोन गट करून, एकाला खरखरीत अक्षरे व दुसऱ्याला पाटी देऊन त्यांनी निष्पत्ती मोजली नाही. प्राथमिक शाळेतील पहिलीच्या मुलांशी त्यांनी केलेली तुलना ढोबळ होती. त्यांच्या काळी बालशिक्षणात असे प्रयोग जवळजवळ कोणीच करीत नव्हते, हे खरे. तथापि शिक्षकांचे प्रशिक्षण व साधनांची निर्मिती यांवर त्यांनी आयुष्यभर कडक नियंत्रण ठेवले, त्यामुळे इतरांना पद्धतीत फेरफार करून पाहणे अवघड झाले. ज्या स्त्रीने सेगँ यांचा क्रम मुलाकडे पाहून मोडला, तिच्या अनुयायांना तिचा क्रम मोडण्याची मुभा नव्हती.

फॅसिझम आणि स्थलांतर

इ.स. १९२४ पासून मुसोलिनीच्या सरकारने माँटेसरी शाळांना आश्रय दिला. माँटेसरी यांनी तो स्वीकारला, आणि या निर्णयाबद्दल त्यांच्यावर झालेली टीका अनाठायी म्हणता येत नाही. राजवटीला शिस्तबद्ध साक्षर तरुण हवे होते; माँटेसरी यांना देशभर शाळा हव्या होत्या. दोघांचे फार काळ जमणे शक्य नव्हते. इ.स. १९३३ मध्ये माँटेसरी यांनी संस्थेचा राजीनामा दिला व पुढच्या वर्षी त्यांनी इटली सोडली. तेथील त्यांच्या शाळा बंद पडल्या. बार्सिलोना हे इ.स. १९१५ पासून त्यांचे मुख्य केंद्र होते, इ.स. १९३६ मध्ये यादवी युद्ध पेटल्यावर तेही सोडावे लागले. शेवटी नेदरलँड्समध्ये त्यांना आसरा मिळाला. इ.स. १९२९ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय माँटेसरी संघटनेचे कार्यालयही तेथेच, ॲम्स्टरडॅमला, आले.

भारतातील वास्तव्य

इ.स. १९३१ मध्ये लंडन येथे महात्मा गांधींची व त्यांची भेट झाली होती. थिऑसॉफिकल सोसायटीचे अध्यक्ष जॉर्ज अरुंडेल व रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या निमंत्रणावरून नोव्हेंबर १९३९ मध्ये माँटेसरी मारियोसह मद्रासजवळील अड्यार येथे आल्या. पहिल्या प्रशिक्षणवर्गाला देशाच्या निरनिराळ्या भागांतून सुमारे ३०० विद्यार्थी होते. बेत काही महिन्यांचा होता, पण जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि इटालियन नागरिक म्हणून मायलेक ब्रिटिश सरकारच्या दृष्टीने शत्रुपक्षाचे ठरले. मारियो यांना अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. माँटेसरी यांना अड्यारच्या आवारात राहण्याचे बंधन घालण्यात आले. ३१ ऑगस्ट १९४० रोजी, आईच्या सत्तराव्या वाढदिवशी, व्हाइसरॉयने मारियो यांची सुटका केली. त्या वेळच्या सरकारी संदेशात त्यांचा उल्लेख भाचा असा नसून पुत्र असा होता.

युद्धकाळात मायलेकांनी काही वर्षे कोडाईकनाल येथे काढली. येथेच थोड्या मोठ्या मुलांसाठीच्या अभ्यासक्रमाची आखणी झाली. अहमदाबाद येथील व्याख्यानांवर आधारलेला, बालमनाच्या ग्रहणशक्तीविषयीचा त्यांचा ग्रंथ इ.स. १९४९ मध्ये अड्यारहून प्रसिद्ध झाला.

त्यांच्या विचारांचा भारतात प्रवेश मात्र त्यांच्या येण्याआधीच झाला होता. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी इ.स. १९२० मध्ये बालमंदिर काढले. त्यांना ताराबाई मोडक येऊन मिळाल्या व दोघांनी इ.स. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. माँटेसरी भारतात पोहोचण्यापूर्वी पाचच महिने, जून १९३९ मध्ये, गिजुभाईंचे निधन झाले होते. ताराबाईंनी पुढे इ.स. १९४५ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र उभारले व नंतर अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या आदिवासी मुलांमध्ये काम केले. परदेशी पद्धतीची महागडी साधने आदिवासी पाड्यावर परवडणारी नव्हती. त्यांऐवजी शिंपले, बिया, पाने व माती यांचा उपयोग या दोघींनी केला. साधनांच्या शुद्धतेविषयी आग्रही असलेल्या माँटेसरीवाद्यांना हे मान्य होण्यासारखे नव्हते, परंतु महाराष्ट्रातील बालवाड्या या मार्गानेच वाढल्या.

देवनागरीसाठी सुट्या अक्षरांची पेटी करताना वेगळेच प्रश्न उभे राहतात. अक्षर व ध्वनी यांचे नाते इंग्रजीपेक्षा कितीतरी स्थिर असल्याने खरखरीत अक्षरांची रीत मराठीला मानवते. तथापि येथे व्यंजनात अकार मिसळलेला असतो आणि मात्रा वेगळ्या कापाव्या लागतात. त्यांतही ऱ्हस्व इकाराची वेलांटी व्यंजनाच्या आधी मांडावी लागते आणि तिचा ध्वनी मात्र व्यंजनानंतर ऐकू येतो. ऐकलेल्या क्रमाने अक्षरे मांडत जाणारे मूल येथे हमखास अडते. जोडाक्षरे, रफार आणि च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार ही आणखी वळणे. या ठिकाणी रोमची नक्कल उपयोगी नाही, मराठी मुलाचेच निरीक्षण करावे लागते.

अखेरची वर्षे

युद्धानंतर इ.स. १९४६ मध्ये माँटेसरी युरोपात परतल्या, पुन्हा भारतात आल्या आणि इ.स. १९४९ मध्ये कायमच्या नेदरलँड्सला गेल्या. इ.स. १९४९ ते १९५१ या तिन्ही वर्षी शांततेच्या नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचवले गेले, परंतु पारितोषिक मिळाले नाही. ६ मे १९५२ रोजी नोर्डवाइक आन झे या समुद्रकाठच्या गावी, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांचे दफनही तेथेच झाले. संघटनेचे कार्य मारियो यांनी पुढे चालवले. इटलीने इ.स. १९९० मध्ये काढलेल्या १,००० लीरांच्या नोटेवर त्यांचे चित्र होते.

नंतरचे संशोधन

माँटेसरी यांनी न केलेल्या तुलना पुढील पिढ्यांनी केल्या. फ्रान्समध्ये फ्लॉरेन्स बारा, एदुआर जँताझ व सहकाऱ्यांनी बालवाडीतील मुलांचे गट केले. एका गटाने अक्षरे पाहिली, ऐकली व बोटांनी चाचपली. दुसऱ्याने फक्त पाहिली व ऐकली. इ.स. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात चाचपणाऱ्या मुलांची नवे शब्द वाचण्यातील प्रगती अधिक आढळली. अक्षरे कळफलकावर दाबण्यापेक्षा हाताने लिहिल्याने ती अधिक चांगली ओळखू येतात, असे तीन ते पाच वर्षांच्या मुलांवरील दुसऱ्या एका फ्रेंच अभ्यासात, विशेषतः त्यांतील मोठ्या मुलांबाबत, दिसले.

अमेरिकेत अँजेलिन लिलार्ड व निकोल एल्स-क्वेस्ट यांनी मिल्वॉकी शहरातील एका माँटेसरी शाळेचा अभ्यास केला. शाळेतील प्रवेश सोडतीने होत असत. त्यामुळे सोडतीत नाव लागलेली व न लागलेली मुले यांची तुलना करता आली. हौशी पालकांची मुले मुळातच पुढे असतात, हा नेहमीचा आक्षेप येथे लागू पडत नव्हता. इ.स. २००६ मध्ये सायन्स या नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांची माँटेसरी मुले अक्षर-शब्द ओळखण्यात व अपरिचित शब्द उलगडण्यात पुढे होती. बारा वर्षांच्या मुलांत वाचनातील हा फरक राहिला नाही, पण त्यांच्या निबंधांतील वाक्यरचना अधिक प्रगल्भ आढळली. अभ्यास एकाच शाळेपुरता व थोड्या मुलांचा असल्याने त्यावरून सर्व माँटेसरी शाळांविषयी अनुमान काढता येत नाही.

दुसरीही एक अडचण आहे. माँटेसरी हे नाव वापरण्यावर बहुतेक देशांत कायदेशीर बंधन नाही. महाराष्ट्रातील शहरांत कोणत्याही शिशुशाळेला माँटेसरी म्हणण्याची रीत पडली आहे, मग तेथे अडीच वर्षांची मुले बाकावर बसून वहीत अक्षरे गिरवीत असली तरीही. त्यामुळे एखाद्या पाहणीत पद्धतीचा गुण वा दोष दिसला, तर प्रथम त्या वर्गात पद्धत प्रत्यक्ष कोणती होती, हेच तपासावे लागते.